आईला शॉक द्यायला सांगितलंय. सही करू का?

पत्र:
'डॉक्टर, माझी आई ६३ वर्षांची आहे, बीपीची गोळी चालू आहे. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले, दोघं जेलरोडला राहतात. गणपतीनंतर आईचं बोलणं कमी झालं. आधी वाटलं, गुडघेदुखी वाढली असेल. मग ती रात्र-रात्र जागी बसायला लागली. "घरातलं सगळं संपलं, माझ्यामुळे तुम्ही रस्त्यावर येणार" हे एकच पालुपद. बाबांनी पासबुक दाखवलं तरी पटत नाही. आता म्हणते, आतडी चिकटलीत, खाल्लेलं जाणार कुठे? दोन महिन्यांत गोळ्या दोनदा बदलल्या, वजन नऊ किलोने उतरलं. गेले चार दिवस दोन चमचे पेज आणि अर्धा कप चहा, तोही बाबांनी हात जोडल्यावर. डॉक्टर म्हणाले, ॲडमिट करा, ईसीटी, म्हणजे शॉक ट्रीटमेंट, द्यावी लागेल. मामा म्हणतात, शॉक दिला की माणूस कामातून जातो, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. दादा दिंडोरीला आईच्या नावावरची द्राक्षबाग बघतो. त्याचं म्हणणं, आधी त्र्यंबकला नारायण नागबळी करू, मग आईला बागेवर हवापालटाला नेऊ. ओळखीच्या एक बाई म्हणतात, असलं काही नाशकात करू नका, मुंबईला न्या. आई सही करत नाही, "मला मरू द्या" म्हणते. तिची आठवण जाईल का? मी सही केली तर ती मला माफ करेल का?'
एक मुलगी, इंदिरानगर

ताई,

तुमच्या पत्रात दोन निर्णय एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवा. आईला ॲडमिट करायचं का हा एक आणि ईसीटी द्यायची का हा दुसरा. पहिल्यासाठी मामा, दादा, मुहूर्त, कुणाचीच वाट बघायची नाही. चार दिवस अर्ध्या कप चहावर काढलेल्या बाईला घरी ठेवणं धोक्याचं आहे. पाणी कमी पडलं की सोडियम-पोटॅशियम बिघडतं, मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि अशा कोरड्या अंगावर बीपीची गोळी तशीच चालू ठेवली तर बाथरूमला जाताना चक्कर येऊन पडायला वेळ लागत नाही. सदर छापून येईपर्यंत तुम्हाला थांबवणं बरोबर नव्हतं, म्हणून एवढा भाग पत्र मिळालं त्याच दिवशी ई-मेलने कळवला होता. बाकीचं इथे सविस्तर लिहिते, कारण असंच विचारणारी पत्रं या सदराकडे सतत येतात आणि त्यांतही एक मामा असतातच.

दादाच्या हवापालटाच्या बेताबद्दलही तेव्हाच लिहिलं होतं: अजिबात नाही. बागेवरच्या घरात फवारणीची औषधं असतात, बहुतेक वेळा ओट्यावर नाहीतर मोटारीच्या खोलीत, कुलपाशिवाय. 'मला मरू द्या' म्हणणाऱ्या माणसाला तिथे नेत नाहीत. दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्याजवळ कुणीतरी जागं हवं आणि घरातल्या गोळ्यांचा डबा बाबांच्या ताब्यात हवा.

आता आजाराबद्दल. पासबुक दाखवून आईला पटणार नाही, कारण तिचा हिशेब चुकलेला नाही. हे डिप्रेशनच आहे, पण त्यात भ्रम मिसळलेत. पैसा संपला, पाप घडलं, आतडी बंद झाली, ही या आजाराची ठरलेली भाषा आहे. उतारवयात तो असाच येतो: झोप उडते, वजन झरझर उतरतं, आणि घरचे महिनाभर गुडघ्याला, पित्ताला, नाहीतर सुनेला दोष देत बसतात. नुसत्या डिप्रेशनच्या गोळीला हा आजार फारसा दाद देत नाही. भ्रमावरची गोळी जोडीला द्यावी लागते आणि तरीही गुण यायला काही आठवडे जातात. तुमच्या डॉक्टरांनी दोनदा बदल करून पाहिला, ते योग्यच होतं. आता तुमच्याकडे ते आठवडे उरलेले नाहीत.

शॉक म्हणजे सगळं करून थकल्यावरचा शेवटचा उपाय, असं लोक धरून चालतात. माझं मत स्पष्ट आहे. खाणं-पिणं सुटलेल्या, जिवावर उदार झालेल्या, भ्रमासह डिप्रेशन असलेल्या पेशंटमध्ये ईसीटीचा विचार सुरुवातीलाच व्हायला हवा. वेगाने आणि खात्रीने गुण देण्यात इथे तिची बरोबरी करणारं औषध आपल्याकडे नाही. वय जास्त म्हणून फायदा कमी, असंही नाही. भ्रमासह डिप्रेशन असलेल्या वयस्कर पेशंटमध्ये तर ती जास्तच चांगली लागू पडते. कुणीतरी तुम्हाला चुंबकाची ट्रीटमेंट, टीएमएस, सुचवेलच. ती चांगली गोष्ट आहे, पण जेवण सोडलेल्या आणि आतडी चिकटली म्हणणाऱ्या बाईसाठी नाही.

मामांना खोटं पाडू नका. त्यांनी पाहिलं असेल ते खरंच घडत होतं. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी ही ट्रीटमेंट पहिल्यांदा केली, तेव्हा भूल नव्हती. पुढे जगात भूल आणि स्नायू सैल करणारं इंजेक्शन आलं, पण आपल्याकडे कितीतरी ठिकाणी 'सरळ शॉक' चालूच राहिला. मी शिकत होते तेव्हा भूलतज्ज्ञ मिळत नाही या एका कारणावर तो दिला जायचा. चौघं हातपाय धरायचे, तोंडात कापडाची गुंडाळी, बाहेर बाकावर नंबर लावलेले पेशंट, आणि त्यांना आतला आवाज ऐकू यायचा. दात तुटायचे, खांदा निखळायचा, कधी मणक्याला फ्रॅक्चर. मामांच्या डोळ्यांसमोर हे चित्र असेल तर त्यांनी विरोध करणं शहाणपणाचंच आहे. फक्त ते चित्र आता बेकायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ ने भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी द्यायला बंदी घातली. १८ वर्षांखालच्यांना पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती देता येत नाही. आणि कलम ९४ प्रमाणे तातडीचा उपचार म्हणूनही ती देता येत नाही. म्हणजे आईला रात्री कॅज्युअल्टीत नेलं आणि तिथल्या तिथे शॉक दिला, असं होऊ शकत नाही. म्हणूनच दुसऱ्या निर्णयाला तुम्हाला थोडा वेळ मिळतो: सलाईन चालू असेल, रक्ताचे रिपोर्ट आणि ईसीजी होत असेल, भूलतज्ज्ञ तपासून जातील, तेवढा.

प्रत्यक्षात त्या सकाळी काय होतं ते सांगते, कारण न पाहिलेल्या गोष्टीचीच भीती मोठी होते. आदल्या रात्रीपासून पोट रिकामं. बीपीची गोळी घ्यायची का, ते भूलतज्ज्ञ सांगतील. घ्यायची असली तर घोटभर पाण्याबरोबर. आदल्या दिवशी केस धुवायचे आणि तेल अजिबात लावायचं नाही, तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड नीट बसत नाहीत. आईला कवळी असेल तर काढून डबीत. नखांना रंग असेल तर पुसायचा, बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लागते. मंगळसूत्र काढायला सांगतील आणि नेमकं तिथे गाडं अडतं. ते बाबांनीच हाताने काढून स्वतःच्या खिशात ठेवलं की बायका शांत होतात, हे मी अनेकदा पाहिलंय. मग सलाईनच्या सुईतून भुलीचं औषध. ती झोपल्यावर एका पायाला, घोट्याच्या वर, बीपी मोजायचा पट्टा आवळतात आणि मगच स्नायू सैल करायचं औषध सोडतात. पट्ट्यामुळे ते औषध त्या पावलात पोचत नाही. तोंडात रबरी गार्ड, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. वीज काही सेकंदच. त्यानंतर मेंदूत जी फीट येते ती बाहेरून दिसते फक्त त्या एका पावलात: बोटं थरथरतात, अर्धा-पाऊण मिनिट, मग थांबतात. बाकी शरीर स्वस्थ. डॉक्टर त्या पावलाकडे बघून घड्याळ लावतात, मशीनवर मेंदूचा आलेखही येतो. पाच-दहा मिनिटांत ती डोळे उघडते. पुढचा अर्धा तास 'मी कुठे आहे' हे दहादा विचारेल, दहादा सांगायचं. डोकं दुखतं, अंग आंबतं, कधी मळमळ होते. साधी गोळी पुरते. गिळता येतंय हे नर्सने बघितलं की चहा.

असं आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, एकूण साधारण ६ ते १२ वेळा. खाणं आणि झोप आधी सुधारते, बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत. आईला स्वतःला मात्र 'काही फरक नाही' असंच वाटत राहील; फरक आधी घरच्यांना दिसतो. आणि इथेच घरचे घोळ घालतात. चौथ्याला आई पोळी मागते, की झालं, डिस्चार्ज घेऊ. असं करू नका. कधी थांबायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. अंगात ताकद आली पण मनातलं काळं अजून गेलेलं नाही, तो मधला आठवडा उलट जास्त लक्ष ठेवायचा असतो.

जीवाला धोका किती, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मामा विचारतील. दर एक लाख सेशनमागे साधारण दोन मृत्यू, असा जगभरच्या नोंदींचा आकडा आहे. धोका मुख्यतः भुलीचा आणि हृदयावरच्या ताणाचा. म्हणून घरात कुणाला पूर्वी भूल दिल्यावर श्वास लवकर परत आला नव्हता, असं काही असेल तर भूलतज्ज्ञांना आठवणीने सांगा. झोपेच्या गोळ्या आणि फिटच्या गोळ्याही सांगायच्या. त्यांनी फीट नीट येत नाही आणि सेशन वाया जातं.

आता आठवणीचं. 'काही होत नाही हो' असं सांगणाऱ्या डॉक्टरवर मी विश्वास ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका. होतं. ट्रीटमेंटच्या काळातलं आणि त्याच्या आधीच्या काही आठवड्यांतलं, कधी महिन्यांतलं पुसट होतं. नवीन लक्षात राहणं बिघडतं, पण ते बहुतेकांचं शेवटच्या सेशननंतर काही आठवड्यांत ताळ्यावर येतं. जुन्यातले काही तुकडे मात्र काहींना कायमचे परत मिळत नाहीत, आणि ज्याची आठवण गेली त्याला त्याचं दुःख असतं. ते 'बरी झालीस ना, मग?' म्हणून उडवून लावायचं नसतं. स्वतःचं नाव, तुम्ही, नातवंडं, पुरणाला डाळ किती शिजवायची, हे असं जात नाही. इलेक्ट्रोड दोन्ही कानशिलांवर लावले तर विसरणं जास्त, फक्त उजव्या बाजूला लावले तर कमी, पण एका बाजूने गुण यायला कधी जास्त सेशन लागतात. आईची तब्येत इतकी खालावलेली असताना डॉक्टर दोन्ही बाजूंनी सुरू करा म्हणतील, तर ते का, हे विचारा. विचारायला लाजू नका.

बाबांना एक वही करायला सांगा. लॉकरची किल्ली, गॅसचा नंबर, कुणाचं देणं-घेणं, रोज कोण भेटून गेलं. आणि एक जरा कडू वाटेल ते: बाग आईच्या नावावर आहे. ट्रीटमेंट चालू असताना आणि पुढचे काही आठवडे सातबारा, बक्षीसपत्र, बँकेचं कर्ज, कुठल्याही कागदावर तिची सही घ्यायची नाही. दादाच्या मनात काही नसेलच, पण उद्या भांडण झालं तर त्या सहीपायी शॉक ट्रीटमेंटचा विषय कोर्टात निघतो.

सहीचं. आई नको म्हणते हा तिचा हक्क आहे, पण कायदा त्याच्या आधीचा प्रश्न विचारतो: ट्रीटमेंट काय, न घेतल्यास काय होईल, हे तिला समजून ठरवता येतंय का? आतडी चिकटलीत म्हणून जेवत नाही, असं म्हणणाऱ्या बाईला आज ते बहुधा येत नाही, पण ते तपासून लिहायचं काम डॉक्टरांचं. तसं ठरलं तर याच कायद्याच्या कलम ८९ खाली 'आधारासह भरती' होते, म्हणजे निर्णयाला दुसऱ्याचा आधार घेऊन. तिचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे तिच्या वतीने बोलणारा माणूस, अर्ज करतो. तिने आधी कुणाला नेमलं नसेल तर जवळचा नातेवाईक तो असू शकतो, म्हणजे बाबा किंवा तुम्ही. दोन जणांनी तिला स्वतंत्रपणे तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. बाईमाणूस असेल तर तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. ही भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची, आणि दर आठवड्याला तिची समज पुन्हा बघायची. समज परत आली की पुढच्या सेशनची संमती तिची स्वतःची. हे सगळं दवाखान्याला माहीत असतं. तरी 'कलम ८९ चे कागद झाले का' असं तुम्ही विचारलंत, की काम चोख होतं. माझं ऐकाल तर अर्ज बाबांनी करावा आणि तुम्ही शेजारी उभं राहावं. लेकीवर सगळं टाकून घर मोकळं होतं, ते होऊ देऊ नका.

नाशिक की मुंबई? सरकारी मनोरुग्णालयं राज्यात चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. नाशकात ते नाही, म्हणून लोकांना वाटतं की इथे काहीच नाही. ईसीटीला मनोरुग्णालय लागत नाही. मशीन, भूलतज्ज्ञ, ऑक्सिजन, मॉनिटर, शुद्धीवर येईपर्यंत ठेवायला खोली आणि डोळ्यांत तेल घालून बसणारी नर्स लागते. खासगीत बऱ्याच ठिकाणी मशीन असतं आणि भूलतज्ज्ञ ठरलेल्या सकाळी येतात. आपल्याकडे खरी अडचण तिथेच आहे: भूलतज्ज्ञ सकाळी ऑपरेशनांत गुंतलेले, आणि ईसीटीसाठी तर सकाळीच हवेत. म्हणून फोनवर 'ईसीटी करता का' एवढंच विचारू नका. भूलतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, सणासुदीला खंड पडतो का, मेंदूचा आलेख घेता का, आणि सांगितलेल्या खर्चात भुलीची फी धरली आहे का, हे विचारा. तुमच्या डॉक्टरांकडे सोय नसेल तर त्र्यंबक नाक्याच्या सिव्हिलमधल्या मानसोपचार विभागात आणि आडगावच्या मेडिकल कॉलेजमध्ये चौकशी करा. सरकारी योजनेत बसतं का, ते तिथले आरोग्यमित्र कार्ड बघून सांगतात. मेडिक्लेम असेल तर याच कायद्याचं कलम २१(४) मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला लावतं. नाही म्हणाले तर लेखी मागा.

मुंबईला नेलंत तर तीन-चार आठवडे तिथे राहणार कोण? आठवड्यातून दोन-तीनदा उपाशीपोटी कसारा घाट उतरवणार का तिला? हृदयाचा मोठा त्रास किंवा मेंदूत गाठ असं काही निघालं तर मोठ्या हॉस्पिटलचा विचार जरूर करा. नाहीतर जेलरोडवरून बाबांना डबा घेऊन येता येईल, असं ठिकाण बघा.

नागबळीला माझी हरकत नाही. दादाची श्रद्धा आहे आणि हातपाय गाळून बसण्यापेक्षा त्याला काहीतरी करायचंय, हे मला कळतं. पण तो विधी तीन दिवसांचा, आणि मुहूर्त पुढच्या महिन्यातही मिळतो. पोटॅशियम तोवर थांबत नाही. दादाला सांगा, आई स्वतःच्या पायांनी त्र्यंबकला येईल तेव्हा करू. तोवर त्याने एक काम घ्यावं: सेशनच्या दिवशी सकाळी गाडी घेऊन हजर राहायचं.

ईसीटी संपली की सगळे हुश्श करतात आणि गोळ्या सुटतात. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी प्रत्येक कुटुंबाला सांगते. ईसीटीने बरे झालेल्यांपैकी ज्यांना नंतर नुसती बिनऔषधाची गोळी दिली, त्यांतल्या ८४ टक्के लोकांचा आजार सहा महिन्यांत उलटला. लिथियम आणि नॉर्ट्रिप्टिलिन अशी दोन औषधं मिळालेल्यांत तो आकडा ३९ टक्के होता. म्हणजे औषध घेऊनही काहींचा उलटतोच, न घेता तर बहुतेकांचा. आईला पुढे काय चालू ठेवायचं, रक्ततपासणी कधी, आणि महिन्यातून एखादी ईसीटी चालू ठेवायची गरज आहे का, हे डिस्चार्जच्या आधी लिहून घ्या. झोप पुन्हा उडाली किंवा 'आपल्याकडे पैसे आहेत ना' हा प्रश्न परत सुरू झाला, की त्याच आठवड्यात फोन करायचा. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात.

राहिलं माफीचं. बरी झाल्यावर काही जण म्हणतात, मला आधीच का नाही नेलं. काही जण रागावतात, आणि त्यांचा राग खोटा नसतो: शुद्ध हरपलेल्या माणसाबद्दल दुसऱ्यांनी ठरवलं, हे झालेलंच असतं. आई रागावली तर समजावत बसू नका, ऐकून घ्या. 'चार दिवस तू अर्ध्या कप चहावर होतीस' एवढं एकदा सांगितलं तरी पुरे. आणि ती पूर्ण सावरली की तिच्याशी याच कायद्याच्या कलम ५ बद्दल बोला. पुन्हा असा आजार झाला तर कुठली ट्रीटमेंट हवी, कुठली नको, आणि आपल्या वतीने कोणी बोलायचं, हे तिला तेव्हा आधीच लिहून ठेवता येतं. त्यात तिने 'ईसीटी नको' असं लिहिलं, किंवा तुमच्याऐवजी दादाचं नाव घातलं, तरी तो कागद तसाच मंडळाकडे नोंदवायला तिच्यासोबत जा.